तालुका कोर्टातली मारामारीची केस: तडजोड करायची, लोकअदालतीत न्यायची की साक्षीदार फिरवायचे?

बांधावरचा:

नमस्कार. तालुक्याच्या कोर्टात मारामारीच्या केसेस प्रत्यक्षात कशा निकाली निघतात, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांच्याकडून समजून घ्यायचंय. सगळं सविस्तर लिहितो.

आमचं आणि चुलत्यांचं रान लागून आहे. मधला बांध दर नांगरटीला थोडा थोडा कोरला जातो. गेल्या वर्षी पेरणीच्या आधी ट्रॅक्टर पुन्हा बांधात घातला. थोरले बंधू जाब विचारायला गेले, शब्दाला शब्द वाढला आणि खोऱ्याचा दांडा त्यांच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडलं. आई सोडवायला मध्ये पडली, तिलाही मुका मार लागला. त्या झटापटीत चुलतभावाच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. दोन्ही बाजूंनी फिर्यादी झाल्या. आमच्या फिर्यादीत भारतीय न्याय संहितेची ११७(२), ११५(२), ३५२, ३५१(२) ही कलमं लागली. त्यांच्या फिर्यादीत ११८(१), ११५(२) आणि वर १८९(२), १९१(२), म्हणजे बेकायदेशीर जमाव आणि दंगा. त्यात आमच्या घरची पाच नावं आहेत. त्यातले वडील त्या वेळी दूध घालायला डेअरीवर गेले होते.

दोन्हीकडं दोषारोपपत्र दाखल झालंय, तारखा सुरू झाल्यात. गावातली जाणती माणसं म्हणतात मिटवून टाका. आम्हालाही मिटवायचंच आहे. पण मिटवायचा रस्ता म्हणून जो सांगितला जातोय तो असा, की सगळ्यांनी पिंजऱ्यात उभं राहून "मला काही आठवत नाही" म्हणायचं, दोन्ही केसेस आपोआप सुटतील. दादा याला तयार नाहीत. ते म्हणतात, मला मार बसला, हात मोडला, हे मी कोर्टात शपथेवर नाही कसं म्हणू? यातून सरळ रस्ता कोणता?

निळा_फेटा:

आमच्या गावात अशा जेवढ्या केसेस झाल्या त्या सगळ्या "आठवत नाही" म्हणूनच सुटल्या. माहितगारांनी लिहावं, वाचतोय.

काळाकोट:

मी तालुका कोर्टात फौजदारी कामं चालवतो. दोन्ही बाजूंची चालवली आहेत, त्यामुळे थोडं लांबलं तरी नीट लिहितो.

बांधावरचा भाऊ, तुमचे दादा म्हणतात ते बरोबर आहे, आणि सरळ रस्ता आहे. फक्त तुमच्या दोन केसेसना दोन वेगळे रस्ते आहेत. बहुतेकांची फसगत इथंच होते.

आधी तुमच्या फिर्यादीचं बघू. हाड मोडलं म्हणजे गंभीर दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११७(२). कायद्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना मात्र तीन वर्षांपर्यंतच शिक्षा देता येते, त्याहून जास्त हवी असं वाटलं तर केस मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. हे कलम कोर्टाच्या परवानगीनं तडजोडीला खुलं आहे. ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शिवीगाळ करून अपमान, ३५१(२) म्हणजे धमकी. या तिन्हींत परवानगीसुद्धा लागत नाही, ज्याला दुखापत झाली त्यानं तडजोड केली की झालं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५९ मध्ये हे तक्ते दिलेले आहेत, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ३२० होतं. म्हणजे दादांचा हात मोडल्याची केस, जी दिसायला मोठी आहे, ती उघडपणे आणि कायदेशीर मिटू शकते.

आता त्यांच्या फिर्यादीकडे या. डोक्याला टाके पडले एवढीच जखम, पण "घातक हत्याराने" म्हटलं की ११८(१) लागतं. ते अजामीनपात्र आहे आणि तडजोडीच्या तक्त्यात नाही. १९१(२), म्हणजे दंगा, तेही नाही. मोडलेलं हाड मिटतं आणि टाके मिटत नाहीत, अशी ही विचित्र स्थिती आहे. आणि नेमकी इथंच "आठवत नाही" म्हणायची प्रथा जन्माला येते. तडजोड तर झालेली असते, पण ती कोर्टात कुणाला सांगता येत नाही. मग फिर्यादी फितूर, जखमी फितूर, पंच म्हणतो कोऱ्या कागदावर सही घेतली. सरकारी वकील परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतात, तो सगळ्याला नाही म्हणतो, आणि पुराव्याअभावी निर्दोष. आमच्या कोर्टात मी हे वारंवार बघतो आणि मला ते मनापासून आवडत नाही. एक तर शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे. दुसरं, ज्याला लागलं त्याच्या हातात काहीच येत नाही. दवाखान्याचा खर्च नाही, लिखित हमी नाही, बांध होता तिथंच.

सरळ मार्ग दोन. पहिला, ११८(१) मुळात लागतं का ते बघा. त्या कलमात गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं हत्यार किंवा ज्याच्या वापरानं मृत्यू येण्याचा संभव आहे अशी वस्तू अपेक्षित आहे. साधी काठी, दगड, चप्पल यात दर वेळी बसत नाही. काठी केवढी होती, मारली कुठं, जखम केवढी, यावर ठरतं. डोक्यावर मारलं असेल तर अडचण आहे हे आधीच सांगतो. पण दोषारोप ठेवण्याआधी यावर युक्तिवाद करता येतो. कोर्टाला पटलं तर ११५(२) उरतं आणि ते मिटतं. त्यासाठीचा अर्ज दोषारोपपत्राच्या नकला मिळाल्यापासून ६० दिवसांत द्यायचा असतो, तारीख बघून ठेवा. दुसरा मार्ग उच्च न्यायालयाचा. दोन्ही बाजूंनी मिळून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली गुन्हाच रद्द करून मागायचा. ग्यानसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) आणि नरिंदरसिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१४) या निकालांनी सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय, की खाजगी स्वरूपाच्या भांडणात पक्षकारांची खरी तडजोड झाली असेल तर तडजोडीला खुला नसलेला गुन्हाही उच्च न्यायालय रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यात नाही. भावकीतल्या मारामारीत बहुधा अडचण येत नाही. पूर्वी यासाठी आमच्याकडच्या माणसाला मुंबई गाठावी लागायची. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांना जवळ पडतं.

आणि दोन्ही केसेस एकाच कोर्टासमोर लावून घ्या. परस्परविरोधी केसेस एकाच न्यायाधीशांनी ऐकाव्यात, पुरावा वेगळा नोंदवावा आणि निकाल एकापाठोपाठ द्यावेत, हे नथीलालच्या १९९० च्या निकालापासून ठरलेलं आहे. आधी तुमची मिटली आणि मग समोरच्यानं शब्द फिरवला, असं व्हायला नको.

बांधावरचा:

वकील साहेब, खूप खूप आभार. आमच्या वकिलांनी ११८(१) मिटत नाही एवढंच सांगितलं होतं, का मिटत नाही ते आज कळलं. वडिलांचं नाव कसं काढायचं?

निवृत्त_जमादार:

नोकरीची बहुतेक वर्षं ग्रामीण ठाण्यात काढली, म्हणून पाच नावांबद्दल मी सांगतो.

साधी मारहाण अदखलपात्र असते, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ठाण्यात एनसी, म्हणजे नुसती नोंद होते, फिर्यादीला समज दिली जाते की कोर्टात दाद मागा. हे गावोगावी माहीत झालंय. पाच माणसं झाली की बेकायदेशीर जमाव होतो, दंगा लागतो, गुन्हा दखलपात्र होतो, हेही माहीत झालंय. म्हणून दोघांनी मारलं असलं तरी पाच नावं येतात. चौथं-पाचवं नाव बहुतेक वेळा म्हाताऱ्या बापाचं, नाहीतर घरातल्या शिकणाऱ्या पोराचं. तसंच काठीची कुऱ्हाड होते आणि "कुऱ्हाडीच्या तुंब्याने", म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूने, "मारले" असं येतं. पट्टीचा लेखनिक असला की फिर्याद एका साच्यात उतरते: "मागील भांडणाची कुरापत काढून, संगनमत करून, लाथाबुक्क्यांनी व काठीने मारहाण करून शिवीगाळ दमदाटी केली." दोन्ही बाजूंच्या फिर्यादीत हेच वाक्य असतं, फक्त नावं उलटी.

वडील डेअरीवर होते तर डेअरीचा पुरावा आहे. दूध संकलनाच्या पावतीवर तारीख आणि वेळ छापून येते. ती जपून ठेवा, संकलनाच्या यंत्रातली नोंद मागा. तपास चालू असताना दिली असती तर नाव तिथंच गळलं असतं, आता कोर्टात द्यावी लागेल. हे सगळ्यांसाठी सांगतो: तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही.

चॅप्टर केसही समजून घ्या. दोन्ही बाजूंवर नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली प्रतिबंधक कारवाई होते, तहसीलदारांसमोर उभं करून शांतता राखण्याचा बाँड घेतात. ती शिक्षा नाही आणि त्यावरून दोषी ठरत नाही. लोक मात्र त्यालाच केस संपली समजतात आणि खऱ्या केसच्या समन्सला जात नाहीत. मग वॉरंट निघतं.

जुना_एमओ:

ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. या सगळ्या कलमांचा पाया आमच्या एका कागदावर उभा असतो, म्हणून लिहितोय.

पोलीस यादी, म्हणजे तपासणीसाठीचं पत्र, देऊन जखमीला पाठवतात, नाहीतर जखमी थेट येतो आणि आम्ही ठाण्याला कळवतो. प्रत्येक जखमेची जागा, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, रंग, किती वेळापूर्वीची, कशानं झाली असावी, हे लिहायचं. काठीची असेल तर "कठीण व बोथट वस्तू", विळ्या-कोयत्याची असेल तर "धारदार वस्तू". शेवटी साधी की गंभीर. गंभीर कशाला म्हणायचं ते कायद्यानं ठरवून दिलेलं आहे: डोळा, कान, अवयव किंवा सांधा कायमचा निकामी होणं, चेहऱ्याचं कायमचं विद्रूपीकरण, हाड किंवा दात मोडणं वा निखळणं, जिवावर बेतणारी दुखापत वगैरे. जुन्या कायद्यात वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न होणं अशी अट होती, नव्यात ती पंधरा दिवसांवर आली.

अडचण कुठं होते बघा. ग्रामीण रुग्णालयात रात्री एक्स-रे काढणारं कुणी नसतं. आम्ही प्रमाणपत्रावर "एक्स-रेनंतर अभिप्राय" लिहून जिल्हा रुग्णालयात पाठवतो. जखमीला घाई असते, तो मधल्या खाजगी हाडांच्या डॉक्टरकडे जाऊन प्लास्टर घालून घरी जातो. सहा महिन्यांनी पोलीस अंतिम प्रमाणपत्र मागायला येतात तेव्हा फिल्म उंदरांनी कुरतडलेली असते किंवा सापडतच नाही. खाजगी डॉक्टर कोर्टात यायला नाखूश. मग हात मोडलेला असूनही कागदावर साधी दुखापत. तेव्हा फिल्म, अहवाल आणि बिलं एका पिशवीत घालून कपाटात ठेवा, आणि त्या डॉक्टरांचं नाव तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा.

साक्षीला गेलो की बचाव पक्षाच्या वकिलांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "डॉक्टर, कठीण जमिनीवर पडल्यामुळे अशी जखम होऊ शकते काय?" खरं उत्तर "होऊ शकते" असंच आहे. ते दिल्यावर समोर बसलेल्या जखमी बाईच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. पण साक्ष अशीच द्यायची असते. उरलेलं काम जखमी माणसाच्या स्वतःच्या साक्षीनं करायचं असतं, आणि ती साक्ष ठाम असली तर कोर्ट तिला मान देतं.

रानजाई:

डॉक्टर साहेबांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी जखमी म्हणून साक्ष दिलेली आहे. दिरानं आणि जावेनं मारलं होतं, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. नवरा वारल्यानंतर पाळी द्यायची नाही असं ठरवलं होतं त्यांनी.

सगळे "मिटवा" म्हणतात तेव्हा कुणाशी कुणी मिटवायचं हे बघा. आमच्याकडं गावातल्या चार जणांनी बसून मिटवलं, माझ्या सासऱ्यांनी होकार दिला आणि मला सांगितलं की अमुक दिवशी कोर्टात अंगठा द्यायला चल. मला सही येते. मी गेले नाही. तडजोड करण्याचा अधिकार जिला मार बसला तिचा असतो, सासऱ्यांचा नाही, हे मला तालुका विधी सेवा समितीच्या वकील ताईंनी सांगितलं. कोर्टाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं. बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्यानं दिलेलं आहे हे. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही तसंच.

केस लांबली. माझी मुलगी प्राथमिक शाळेत होती तेव्हा सुरू झाली आणि ती बारावीला गेल्यावर निकाल लागला. दिराला दोषी धरलं. तुरुंगात पाठवलं नाही, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं आणि मला नुकसानभरपाई द्यायला लावली. रक्कम फार नव्हती. पण "हिला मारलं" हे न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, आणि पाण्याची पाळी त्यानंतर कुणी अडवली नाही.

काळाकोट:

रानजाई ताई, तुम्ही लिहिलंत ते प्रत्येक वकिलानं वाचावं असं आहे. बाकीच्यांसाठी थोडी भर घालतो.

बाँडवर सोडणं हे १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ नुसार होतं, आणि त्याच कायद्याच्या कलम ५ खाली भरपाई देववता येते. पहिलाच गुन्हा, वय, भांडणाचं कारण हे कोर्ट बघतं, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवतं. ग्रामीण भागातल्या मारामारीत दोषी ठरलेल्या माणसाचं बऱ्याचदा असंच होतं. "दोषी ठरलो की जेल" ही भीती खोटी आहे, आणि याच भीतीपोटी लोक साक्षीदार विकत घ्यायला धावतात.

जखमीच्या बाजूनंही दोन अधिकार आहेत, ते कुणी सांगत नाही. केस सरकार चालवतं हे खरं, पण सरकारी वकिलांना मदत करायला तुम्ही स्वतःचा वकील देऊ शकता. आणि आरोपी सुटला तर सरकार गप्प बसलं तरी जखमीला स्वतः अपील करता येतं.

सह्याद्री_वारा:

माझ्या मामांना शेजाऱ्यानं कानाखाली मारली, कॉलर धरून ओढलं. ठाण्यात एनसी घेतली. "कोर्टातून बोलावणं येईल" म्हणाले. अजून काही आलं नाही. किती वाट बघायची?

निवृत्त_जमादार:

वाट बघू नका, येणार नाही. एनसी म्हणजे नोंद. नव्या कायद्यात ठाण्यानं दर पंधरवड्याला अशा नोंदींचा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो, पण त्यावरून तुमची केस आपोआप उभी राहत नाही. मामांनी एनसीची प्रत घ्यावी आणि वकिलाकडून एकतर तपासाचा आदेश मागावा, नाहीतर खाजगी फिर्याद दाखल करावी.

काळाकोट:

आणि लवकर. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल एक वर्षाच्या आत घ्यावी लागते. ११५(२) ला शिक्षा कमाल एक वर्ष किंवा दहा हजारांपर्यंत दंड, म्हणजे मुदत वर्षभराची. "मिटेल मिटेल" म्हणत वर्ष निघून जातं आणि मग दरवाजा बंद.

कृष्णाकाठ:

सगळं कोर्टावर का टाकायचं? १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. आबांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली तेव्हा आमच्या गावात समितीनं कितीतरी भांडणं मिटवली. ठाण्याची पायरी चढायचे लोक थांबले होते. समितीत वयस्कर माणसं होती, दोन्ही घरं ओळखणारी. ती ताकद आजही गावात आहे, फक्त वापरली जात नाही. कोर्टात गेलं की दोन्ही घरांवर बिघाभर शेत विकायची वेळ येते.

रानजाई:

दादा, तुमच्या गावातल्या समितीबद्दल मला आदरच आहे. पण समितीसमोर बाई बोलायला उभी राहिली की "घरातलं घरात ठेव" म्हणणारेही त्याच गावातले असतात. माझ्या वेळी तेच झालं. मिटवायला माझी हरकत नव्हती. मला विचारावं एवढंच म्हणणं होतं.

कृष्णाकाठ:

ताई, तुमचं म्हणणं मान्य आहे. ज्याला लागलं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मिटवलं म्हणणं बरोबर नाही. आमच्याकडं तेव्हा समितीत बायकाही होत्या, म्हणून कदाचित आमचा अनुभव वेगळा असेल.

काळाकोट:

समितीत झालेला समझोता कोर्टात आणायचा रस्ताही सांगतो. मिटण्याजोग्या कलमांची केस असेल तर राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवता येते, ती वर्षातून साधारण चार वेळा शनिवारी भरते. तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. लोकअदालतीची वाट न बघता नेहमीच्या तारखेलाही तडजोडीची पुरसिस, म्हणजे सह्यांचं लेखी निवेदन, देता येते.

ती कशी होते ते एकदा पाहून या, भीती जाते. पट्टेवाला पुकारा करतो, दोन्ही बाजू पुढं येतात. पुरसिसवर दोघांच्या सह्या आणि वकिलांची ओळख असते. मॅजिस्ट्रेट जखमीला जवळ बोलावतात. "तडजोड स्वखुशीनं केली का? कुणाचा दबाव आहे का? यात लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं का?" माणूस मान हलवतो तर चांगले न्यायाधीश म्हणतात, तोंडानं बोला. मग रोजनाम्यात नोंद होते, पुरसिसला निशाणी क्रमांक पडतो आणि आरोपी निर्दोष सुटतो. तडजोडीचा परिणाम कायद्यानं निर्दोष सुटण्याइतकाच आहे.

माझा आग्रह एवढाच, की पुरसिसमध्ये "संबंध सुधारले आहेत, तक्रार राहिली नाही" या छापील वाक्यांवर थांबू नका. दवाखान्याचा खर्च किती आणि कधी दिला ते लिहा. जखमी एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकाची सही हवी. बांधावरचा भाऊ, तुमच्या केसमध्ये दादांची वेगळी आणि आईची वेगळी. फिर्याद कुणी दिली याला इथं महत्त्व नाही.

भूकरमापक:

भूमी अभिलेख खात्यात काम केलंय. सगळे कलमांवर बोलताहेत, बांधावर कुणीच बोलत नाही. केस मिटेल, पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टर पुन्हा येईल.

तडजोड करण्याआधी दोघांनी मिळून हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. एकट्यानं केला तरी लगतच्या खातेदाराला नोटीस जातेच, पण एकत्र केला तर मोजणीच्या दिवशी भांडण होत नाही. मोजणी झाली की खुणा दाखवतात, "क" प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. खुणांवर तिथंच दगड रोवून घ्या, दोघांच्या हातून. पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. रस्ता किंवा पाण्याची पाट अडवली असेल तर तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद आहे, मुदत सहा महिन्यांची. आणि एकाच्या नावचं रान दुसरा बारा वर्षांहून जास्त कसतोय आणि त्याचं याच्याकडं, असा घोळ असेल तर जानेवारी २०२३ मधली सलोखा योजना बघा. अदलाबदल दस्ताला मुद्रांक शुल्क नाममात्र हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये ठेवली होती. मुदत चालू आहे का ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

मी मोजणीला जायचो तेव्हा कित्येकदा दोन्ही बाजूंची केस कोर्टात चालू असायची आणि वादाचा बांध निघायचा हात-दीड हात. कधी कधी तर जो आरडाओरडा करत असे त्याच्याच ताब्यात जास्त रान निघे. हे आधी मोजलं असतं तर कुणाचा हात मोडला नसता, असं दर वेळी वाटायचं.

बांधावरचा:

भूकरमापक साहेब, हे दादांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, मोजणीचा अर्ज आपणच करू, खर्चही आपण करू, चुलत्यांनी फक्त उभं राहावं. चुलत्यांकडं निरोप पाठवलाय. चुलतीनं आईला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, आई गेली होती. बोलणं सुरू आहे एवढं सांगतो.

फलटणकर:

माझ्या धाकट्या भावाचं नाव अशाच एका केसमध्ये आहे, तो पोलीस भरतीची तयारी करतोय. लोकअदालतीच्या दिवशी एकानं सांगितलं की गुन्हा कबूल कर, थोडा दंड भर, आजच मोकळा होशील. करावं का?

काळाकोट:

अजिबात करू नका. कबुली दिली की दोषसिद्धी होते, दंड शंभर रुपये असला तरी. लोक तडजोड आणि कबुली यात गल्लत करतात, दोन्ही एकाच दिवशी एकाच खोलीत होत असल्यामुळे. समोरचा मिटवायला तयार असेल तर तडजोड करून निर्दोष सुटावं. तयार नसेल तर केस लढवावी. चुकून दोषी ठरलाच तर परिवीक्षेचा लाभ मागावा, त्या कायद्याच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीची अपात्रता चिकटत नाही.

भरतीच्या फॉर्मवर मात्र काहीही लपवायचं नाही. केस चालू असेल तर चालू, सुटला असेल तर तारखेसह सुटला, असं लिहायचं. २०१६ च्या अवतारसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं यावर सविस्तर सांगितलंय. किरकोळ केस असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ती बाजूला ठेवू शकतो, पण लपवल्याचं उघड झालं तर तेच कारण पुरतं. चारित्र्य पडताळणीत ठाण्याच्या नोंदी निघतातच, सुटलेल्या केसेसच्यासुद्धा. निकालाची प्रमाणित प्रत आत्ताच काढून ठेवा, नंतर रेकॉर्ड रूममधून मिळायला वेळ लागतो.

निळा_फेटा:

आमची केस २०२१ ची आहे, ३२३, ५०४, ५०६. आता नवीन कलमं लागणार का?

काळाकोट:

नाही. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर भारतीय दंड विधानाचीच कलमं राहतात, तेव्हाच दाखल झालेला खटलाही जुन्या प्रक्रियेनंच पुढं चालतो. ३२३ आणि ५०४ मिटतात. ५०६ चा पहिला भाग मिटतो, दुसरा भाग, म्हणजे जिवे मारण्याच्या धमकीचा, लावला असेल तर तो मिटतो का ते वकिलांकडून खात्री करून घ्या. दोषारोपपत्रात कोणता भाग लावलाय ते आधी बघा. बऱ्याच वेळा नुसतं ५०६ लिहिलेलं असतं, मग वकिलांना सांगून ते तडजोडीच्या तारखेआधी स्पष्ट करून घ्या.